पानाच्या तळाशी लिहिलेलं नाव

आमच्या गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की त्याच्या शेवटच्या पानावर एक रेघांचा कागद चिकटवला जायचा. वाचणाऱ्यानं त्यावर नाव घालायचं आणि पुस्तक घरी न्यायचं. कोऱ्या करकरीत पुस्तकातला तो कागदही कोराच असायचा, फक्त अगदी तळाच्या ओळीत निळ्या शाईनं आधीच एक नाव लिहिलेलं असायचं: ने. बा. मगदूम.

नेमगोंडा बाळगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्या गावाचे नेमूअण्णा, त्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. वरच्या सगळ्या ओळी भरल्याशिवाय ते स्वतः पुस्तक वाचायचे नाहीत. शिक्का मारायला पुस्तक उघडलं तरी त्यांची नजर शिक्क्यावरच असायची, मजकुरावर जायची नाही. शाळेत असताना मी एकदा त्यांना विचारलं होतं, "अण्णा, तुमीच आधी वाचलं तर कुणाला कळणार हाय?"

"वाढप्यानं पंगतीच्या आधी जेवलं तर कुणाला कळतंय गं?" अण्णा म्हणाले. "पर मग वाढताना त्याचं ध्यान न्हाई लागत."

काही पुस्तकांना फार वेळ लागायचा. विहिरी खोदण्यावरच्या एका जाड पुस्तकाच्या ओळी भरायला चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी अण्णांनी ते वाचलं आणि पुढचे दोन महिने येईल त्याला विहिरीचं पाणी कसं हुडकायचं ते सांगितलं. तोवर गावात सगळ्यांनी बोअर मारलेली होती.

कवठे महांकाळपासून पाऊण तासावरचं आमचं गाव. माळावर ज्वारी, खाली थोड्या द्राक्षबागा, वर टेकाडावर पवनचक्क्या. दुपारी वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून त्या दिसत. एखादी फिरायची, एखादी थांबलेली असायची, आणि त्यांच्याकडे बघत बसलं की पुस्तकातली ओळ कुठं संपली आणि माळ कुठं सुरू झाला हे नीट सांगता यायचं नाही. कौलातल्या दोन काचांमधून उन्हाचे दोन तुकडे टेबलावर पडत. दिवसभरात ते टेबल ओलांडून भिंतीपर्यंत जात. ते भिंतीला लागले की अण्णा खिडक्या लावायला उठायचे, कारण दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असायचं. घरातल्या जैन वळणाचं एवढं एक त्यांनी कधी सोडलं नाही. कामावरून उशिरा येणारे कुरकुर करायचे. अण्णा टोपी नीट करत म्हणायचे, "मला काय सांगता, वर सांगा की. तो थांबला तर मी बी थांबतो."

मी ज्या घरात वाढले तिथं पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील पाण्याच्या चळवळीतले. घराच्या माळ्यावर, खाटेखाली, शिंक्यात सुतळीनं बांधलेले पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. पत्रकात प्रत्येक वाक्याला घाई असते. सगळं तात्काळ व्हायला हवं असतं. अण्णांच्या वाचनालयात मला पहिल्यांदा कळलं की छापलेला शब्द वाट बघत बसूही शकतो. मला ते पटलं मात्र नाही. अण्णा मला 'पत्रकवाली' म्हणायचे. "आली बघा पत्रकवाली. आज कुणाचा निषेध हाय?"

पुस्तक परत आणून दिलं की ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: "ह्यातलं कोण घरी ऱ्हायलं?" म्हणजे पुस्तक इथं परत आलं, पण त्यातलं कोणतं माणूस अजून तुमच्या घरात वावरतंय? ज्यानं पुस्तक वाचलेलं असायचं तो जरा थांबायचा, मग हसायचा आणि एखादं नाव सांगायचा. ज्यानं वाचलेलं नसायचं तो लगेच उत्तर द्यायचा. अण्णांना एवढं पुरायचं.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, वाचनालयात चार ई-रीडर आले. शहरातल्या एका संस्थेनं काही खेड्यांतल्या वाचनालयांना ते दिले होते. सोबत इंटरनेटवरचं एक कपाट होतं, त्यात दोनशेवर मराठी पुस्तकं. हवं ते पुस्तक यंत्रावर उतरवून घ्यायचं. एकवीस दिवस ते तिथं राहतं, मग आपोआप निघून जातं. खोक्यातून राखाडी रंगाची, हाताच्या पंजापेक्षा जरा मोठी अशी चार यंत्रं निघाली आणि गावानं त्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, पाटी.

वाचनालयाचे अध्यक्ष दादासाहेब, द्राक्षबागायतदार, पाट्या बघायला जातीनं आले. त्यांनी त्या उलटसुलट करून बघितल्या.

"अण्णा, ह्या काचंच्या कपाटात ठेवा. कुलूप घाला. पाव्हणं आलं म्हंजी दिसतील."

"पाव्हणं वाचणार हायत व्हय?"

"आवं, फुटल्या म्हंजी?"

"पुस्तकं बी फाटत्यात, दादासाहेब. आपण चिकटवतो."

"पाटी चिकटवणार हायसा तुमी?"

"कपाटात ठेवली तर फुटायची न्हाई, हे खरं हाय," अण्णा म्हणाले. "पर मग पाटी तरी कशाला ठेवायची? तिचा फोटो लावू की तिथं. त्यो बी फुटत न्हाई."

दादासाहेब हसले. त्यांच्यात एवढं मोठेपण होतं. पाट्या टेबलावर राहिल्या.

रागावले होते मी. ज्या पुस्तकावर गावाची मालकी नाही, जे एकवीस दिवसांनी कुणी दूरवर बसून काढून घेतं, ते पुस्तक की भाड्याची खोली, असं काहीबाही मी त्या दुपारी अण्णांना ऐकवलं. त्यावर पत्रकसुद्धा लिहायचं माझ्या मनात होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाचनालयात मालकी कवा हुती गं? आपण तर सगळे भाडेकरूच." मग त्यांनी एक शाळकरी वही घेतली, पहिल्या पानावरच्या रेघा बोटानं मोजल्या. बत्तीस होत्या. तळाच्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी हळूहळू लिहिलं: ने. बा. मगदूम. वरच्या एकतीस ओळी गावासाठी. प्रत्येकाला पाटी एक महिना.

त्यांनी बोट ठेवून लिहिलं, हे मी तेव्हा पाहिलं. त्याचा अर्थ मला लागला नाही.

थोड्या वेळानं लागला. आम्ही पाटी चालू करून बघत होतो. कोकणात दीपगृहावर नोकरी केलेल्या एका माणसाच्या आठवणी मी यंत्रावर उतरवल्या होत्या, कारण यादीत ते पुस्तक पहिलं होतं. अक्षर लहानमोठं करायची खूण सापडली आणि मी ती दाबत गेले. अक्षरं वाढत गेली. हरभऱ्याएवढी झाली, मग बोराएवढी. अण्णा शेजारी नुसते बसले होते. एकाएकी त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. त्यांचे ओठ हलायला लागले. उन्हाचा एक तुकडा त्यांच्या टोपीवर येऊन खांद्यावर उतरला, तरी ते हलले नाहीत. बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत गेलं. असं वाटलं की वाचनालय जमिनीपासून थोडंसं उचललं गेलं आहे आणि आम्ही सगळे, कपाटं, खुर्च्या, टेबलावरचं दैनिक, तसेच अधांतरी थांबलो आहोत.

त्यांनी दीड पान वाचलं. मग पाटी खाली ठेवली.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "कागदावरच्या मुंग्या झाल्यात. ह्या उभ्या ऱ्हायल्या."

वर्षभर त्यांना छापील अक्षर दिसत नव्हतं आणि गावात कुणाला पत्ता नव्हता. पुस्तकं ते हातानं ओळखत, जाडीवरून, कापडाच्या पुठ्ठ्यावरून. पेपर कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावत, "बघू तुझा आवाज कसा हाय" म्हणून. मीसुद्धा कितीदा वाचला होता.

"मग वाचा की पुढं," मी म्हटलं.

"त्यो बुवा दिवा लावाया जिना चढायलाय," अण्णा म्हणाले. "अर्ध्यात आलाय. ऱ्हाऊ दे थांबलेला. पहिली ओळ सुलोचनाची हाय." आणि दारात उभ्या असलेल्या सुलोचनाकाकींना, आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईंना, त्यांनी ती पाटी दिली.

गावात पाट्या फिरायला लागल्या. काकी गिरणीच्या पट्ट्याशेजारी स्टुलावर बसून वाचायच्या. पाटीच्या फटीत ज्वारीचं पीठ जायचं आणि ती परत आली की अण्णा कोंबडीच्या पिसानं ती साफ करायचे. बायकांची नावं वहीत भराभर पडत गेली. कारण साधं होतं. पाटीला मुखपृष्ठ नसतं. ओसरीवर बसून काय वाचताय हे सासऱ्याला, दिराला दिसत नाही. हे अण्णांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण एकदा दादासाहेब संस्थेला पाठवायचा तक्ता घेऊन आले तेव्हा ते मला समजलं. तक्त्यात कोणी कोणतं पुस्तक वाचलं याचा रकाना होता. अण्णांनी तिथं फक्त किती पुस्तकं वाचली गेली तेवढं लिहायला सांगितलं.

"नावं घाला की. त्यात काय लपवायचं?" दादासाहेब म्हणाले.

"लपवायचं काय बी न्हाई. पर सांगायचं बी काय न्हाई. तुमी मागल्या साली काय काय वाचलंय, सांगू का सगळ्या गावाला?"

दादासाहेबांनी मागल्या वर्षी काय वाचलं होतं ते अण्णांनाच ठाऊक. तक्ता तसाच गेला.

एकदा काकी गिरणी बंद करून, पीठभरल्या हातांनीच आल्या. त्यांची अकरा पानं राहिली होती आणि पुस्तक आपोआप निघून गेलं होतं. "अण्णा, पोरगी पळून जायला निघाली हुती, आन् पुस्तकच पळालं," त्या म्हणाल्या. अण्णांना हा अपमान वाटला. त्यांच्या पंचवीस-तीस वर्षांत वाचकाच्या हातातून अर्धं पुस्तक कधी काढून घेतलेलं नव्हतं. उशीर झाला तर ते निरोप पाठवत, की सावकाश होऊ दे. ते दोन दिवस पाटी घेऊन माझ्यासमोर बसले आणि मला एक एक खूण दाबायला लावली. शेवटी सापडलं. विमानाचं चित्र दाबलं की पाटीचा इंटरनेटशी संबंध तुटतो आणि निघायची वेळ झालेलं पुस्तक निघू शकत नाही. त्या दिवसापासून पाटी देताना अण्णा विचारायचे, "इमान लावलंय का?" संस्थेच्या नियमात हे बसत असेल असं मला वाटत नाही. माझ्या दृष्टीनं ते वाचनालयाचं आजवरचं सगळ्यात क्रांतिकारी काम होतं. तसं मी म्हणालेही. अण्णा म्हणाले, "क्रांती न्हाई गं. तिची अकरा पानं ऱ्हायली हुती."

वैशाखात ते मला म्हणाले, "मिरजंला चल माझ्याबरुबर. कागद वाचायला कोण तरी पायजे." डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ प्रकाश टाकून पाहिलं. डोळ्यामागची नस वाळत चालली होती. जे गेलं ते येणार नव्हतं. जे उरलं होतं ते किती दिवस, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "वर्षांची भाषा करू नका. मोठं अक्षर काही महिने दिसेल. थेंब चुकवू नका."

मिरजेच्या स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. अण्णा शांत होते. मी नव्हते.

"उद्याच एक पाटी घरी न्या," मी म्हटलं.

"माझी ओळ बत्तिसावी हाय."

"किती झाल्या?"

"अकरा. वीस ऱ्हायल्या. महिन्याला चार." त्यांनी बोटं मोजली. "दिवाळी हुईल."

"दिवाळीपर्यंत दिसलं न्हाई तर?"

"तर न्हाई."

मला ते सहन झालं नाही. मी तत्त्वांच्या घरात वाढलेली. तत्त्वासाठी घरात चूल पेटली नाही असे दिवस मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण त्या दिवशी स्टँडवर मला एका तत्त्वाचा पहिल्यांदा राग आला. मी म्हणाले की हा हट्ट आहे, अहंकार आहे, एका वहीतल्या ओळीसाठी माणसानं उरलेले डोळे वाया घालवणं याला कोणत्याही पत्रकात जागा नाही.

अण्णांनी मला बोलू दिलं. मग ते समोरच्या उभ्या गाड्यांकडे बघत, खरं तर त्या दिशेला तोंड करून, म्हणाले, "कामाला लागलो तवा मी बी सगळ्यांच्या आधी वाचायचो. नवं पुस्तक आलं की घरी. एकदा एक मास्तर आले, पलीकडच्या गावचे. चालत. एका पुस्तकाचं नाव घेतलं. म्या म्हटलं, बाहेर गेलंय. ते माझ्या उशाला हुतं. मास्तर पाणी प्याले आन् गेले. परत कवा आले न्हाईत." टोपी नीट करून ते म्हणाले, "त्यांनी काय मनात आणलं बी नसंल. पर मला तवापासनं पहिलं पान उघडलं की त्यांची पाठ दिसती."

गाडी लागली. चढताना त्यांनी माझा हात धरला आणि सांगितलं, "गावात बोलू नगंस."

मी शब्द दिला आणि चार दिवसांत मोडला. हे इथं लिहून ठेवलेलं बरं. मी गिरणीत गेले. गिरणी चालू असली की तिथं कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. गावातली सगळी गुपितं तिथंच सांगतात, कारण बाहेर काही ऐकू जात नाही. मी काकींच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. डोळे, बत्तिसावी ओळ, दिवाळी. नेमका तेव्हाच दळण संपलं आणि काकींनी पट्टा सोडला. माझं शेवटचं वाक्य, "त्याआधी अण्णा आंधळे होतील", शांत झालेल्या गिरणीत, दळणाला आलेल्या सहा बायकांसमोर पडलं.

दुसऱ्या दिवसापासून पाट्या लवकर परत यायला लागल्या.

पहिले आले पलटणीतले निवृत्त हवालदार संपतराव. दोन दिवसांपूर्वीच त्यांनी पाटी नेली होती. टेबलासमोर ते सावधान उभे राहिले.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"जी. झालं."

"कोण घरी ऱ्हायलं?"

"सगळीच ऱ्हायली, अण्णा."

"एकाचं नाव सांगा."

संपतराव कौलांकडे बघायला लागले. मी पुस्तकात तोंड घातलं.

"पाटी घिऊन जावा, संपतराव. पुस्तक झालं न्हाई तुमचं."

"आवं, मला पसंत न्हाई पडलं."

"मग कुठल्या पानावर पसंत न्हाई पडलं तेवढं सांगा. चालंल."

तेही सांगता आलं नाही. हवालदार पाटी घेऊन मागे फिरले. दारात काकी उभ्या होत्या. "सरहद्द राखली म्हणं हेनी," त्या म्हणाल्या, "आन् एक पुस्तक राखता येईना."

वाचल्याशिवाय सुटका नाही हे गावाला कळलं. मग गाव खरंच वाचायला लागलं. मी तसं वाचन त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पाटीवर नाव असलेली बाई दळणाच्या रांगेत वाचायची आणि मागची तिचा डबा पुढं सरकवायची. द्राक्षाच्या बागेत विरळणीला आलेल्या बायका दुपारच्या सुट्टीत एकीला म्हणायच्या, तू वाच, तुझी ओळ आम्ही धरतो. एस.टी.च्या थांब्यावर एक पाटी दिसायची, तळ्याच्या भिंतीवर एक. चार राखाडी तुकडे गावभर सरकत होते, आणि टेकाडावरून बघितलं असतं तर कुठल्याशा मोठ्या, संथ यंत्राचे भाग हलताहेत असं वाटलं असतं. ज्यांना वाचायची सवय नव्हती त्यांनी वाचलं. घाईत सुरुवात करायचे, आणि मग मध्येच कुठंतरी त्यांची घाई विरघळायची. दोघातिघांना तर त्याच पाटीवर दुसरं पुस्तक हवं झालं आणि काकींनी त्यांना गिरणीत बोलावून झापलं.

संपतराव सहाव्या दिवशी परत आले. या वेळी ते खुर्चीत बसले.

"कोण ऱ्हायलं घरी?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. "ती म्हातारी," मग म्हणाले. "टपालवाल्याला रोज पाणी देती ती. पत्र येत न्हाई तिला, तरी देती. मी अठरा वर्षं पलटणीत हुतो, अण्णा. आमच्या आईला म्या किती पत्रं घातली ते मोजत हुतो काल."

अण्णांनी वहीत त्यांच्या ओळीपुढं खूण केली.

दोन बायकांनी नावं खोडायला मागितली. अण्णांनी खोडू दिली नाहीत. "ओळ मोकळी ऱ्हायली तर पान भरलं असं कसं म्हणायचं?" त्यांना सगळं माहीत होतं हे उघड होतं. माझ्याकडे वळून एकदा म्हणालेही, "गावाला वाचनाची लय हौस आली एकदम. कुणी पत्रक बित्रक वाटलं का काय?" मी परत आलेल्या पाट्या रचायला लागले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पेनाचं टोपण लावायला त्यांना तेव्हा तीनदा प्रयत्न करावा लागला. ते मी पाहिलं. आणि रस्त्यानं जाताना ते भिंतीला एक बोट लावून चालायला लागले होते, ते सगळ्या गावानं पाहिलं.

श्रावण संपता संपता एकतिसावी ओळ झाली. शेवटची पाटी एका शेळ्या राखणाऱ्या बाईंनी आणून दिली. कोण घरी राहिलं ते त्यांनी सविस्तर सांगितलं, कारण अख्खं कुटुंबच राहिलं होतं, आणि अण्णांनी त्यातलं एकही माणूस न गाळता ऐकून घेतलं. आम्ही पाच-सहा जण उगीचच पुस्तकं चाळत उभे होतो. बाई गेल्यावर अण्णांनी वही माझ्याकडे सरकवली.

"पुढचं नाव वाच."

"ने. बा. मगदूम."

"हाय," ते म्हणाले, शाळेत हजेरी देतात तसं. मग टेबलाच्या या बाजूला, वाचकांच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि पाटी मागून घेतली. दीपगृहाचं पुस्तक मी उतरवून दिलं. सगळ्यात मोठं अक्षर लावलं. ते पुरेना. मग पाटीच्या आत कुठंतरी आणखी एक खूण सापडली, तिनं ते त्याहून मोठं झालं.

त्यांनी ती घरी नेली नाही. वाचनालयात खिडकीपाशी बसून ते वाचायला लागले. पहिल्या आठवड्यात पानावर तीन ओळी मावत होत्या. नंतर दोन. एकदा मी अक्षर वाढवून दिलं तेव्हा म्हणाले, "आता एक एक माणूस भेटायला आल्यागत शब्द येतोय बघ. आधी गर्दीत यायचे." मी विचारलं, असं वाचताना मागचा विसरत नाही का? "विसरतो की," ते म्हणाले. "पर पुढचा आला की मागचा आपणहून ओळख देतोय."

महिना संपला तेव्हा निम्मं पुस्तक राहिलं होतं. अण्णांनी स्वतःहून पाटी टेबलावर आणून ठेवली. तिचे पुढचे वाचक होते दादासाहेब. वहीच्या दुसऱ्या पानावर त्यांनीच आपलं नाव पहिलं घातलं होतं. त्यांनी पाटी उचलून पुन्हा अण्णांच्या हातात दिली.

"इमान लावलंय न्हवं?" ते म्हणाले. "मग पुस्तक जात न्हाई. आन् मला सवड न्हाई, बागंचं काम हाय. माझी ओळ हाय ती, मी कुणाला बी देईन."

अण्णा काही वेळ पाटी धरून उभे राहिले. मास्तर त्यांना तेव्हा दिसले की नाही, मला माहीत नाही. मग ते खिडकीकडे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला साताऱ्याला नोकरी लागली. आता त्या वाचनालयात दुसऱ्या बाई ग्रंथपाल आहेत आणि पाट्या बारा झाल्या आहेत. अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी, दुपारी. निरोप घ्यायला गेले होते. वाचनालयात पाच-सात माणसं होती, पण आवाज नव्हता. जो तो आपलं पुस्तक आपणच काढून घेत होता, वहीत आपणच नोंद करत होता आणि चपला हातात घेऊन बाहेर पडत होता. संपतराव दारात बसून येणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून आत सोडत होते.

अण्णा खिडकीपाशी पाठमोरे होते. पाटी डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ, चेहरा जरा तिरका. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. अक्षर आता इतकं मोठं झालं होतं की अख्ख्या पानावर एकच शब्द मावला होता. 'आणि.' बाकी सगळं पान मोकळं. अण्णा त्या शब्दाच्या काठाकाठानं नजर फिरवत होते, वेलांटीवरून वर, मग खाली. बाहेर पवनचक्क्यांची पाती हळू फिरत होती. कितीतरी वेळ ते त्या एका शब्दापाशी होते.

"कोण?" त्यांनी न वळता विचारलं.

"मी हाय, अण्णा. निघाले."

"थांब जरा," ते म्हणाले. "पुढं काय तरी हाय." आणि त्यांनी पान उलटलं.